यंत्र आलं तो आश्विन

आश्विन लागला की अलिबागची दुपार जड होते. पाऊस गेलेला असतो, थंडी अजून लांब असते, आणि मधल्या या दिवसांत ऊन असं पडतं की अंगणातली जमीन पायाला चटके देते. खाडीकाठच्या भातशेतांच्या खारेपाटाकडून येणाऱ्या वाऱ्याला पिकत आलेल्या भाताचा गोडसर वास असतो. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला वाळत घातलेल्या मासळीचा. कधी हा, कधी तो, आणि एखाद्या दुपारी दोन्ही एकदम. इतकी वर्षं इथे काढली, पण तो एकत्र वास नाकात शिरला की माझी बोटं आपोआप हलतात. मांडीवर, टेबलावर, कुठेही. काहीतरी टाइप करत असल्यासारखी.

यंदा तो वास आला तेव्हा माझी नात रेवती ओटीवर लॅपटॉप मांडून बसली होती. न्हावा शेव्याला बोटींच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला आहे. सुट्टी म्हणून आजीकडे आली होती आणि सकाळपासून मान वर केली नव्हती. मी चहा नेऊन ठेवला, तर म्हणाली, "आजी, ही नवी सिस्टीम आणली तेव्हा सांगितलं होतं, काम निम्म्यावर येईल. मग मी सुट्टीच्या दिवशी का बसलेय?" मग हळू आवाजात म्हणाली, "आणि खरंच निम्म्यावर आलं, तर आमच्यातल्या निम्म्या लोकांचं काय करतील गं?"

तिच्या पहिल्या प्रश्नाला मला हसू आलं. दुसऱ्याला नाही आलं. हे दोन्ही प्रश्न मी एकाच आश्विनात ऐकले होते, तिच्याएवढी असताना, याच गावात.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. नवं महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती आणि सरकारी कागद आता मराठीतून लिहायचे असं वारं सुटलं होतं. माझे वडील पालीला शाळामास्तर. त्यांनी हौसेने मला पुण्याला आत्याकडे ठेवून मराठी टंकलेखन शिकवलं. परीक्षा पास झाले आणि अलिबागेच्या एका लहानशा सरकारी कचेरीत मला नोकरी लागली. मच्छीमारांच्या होड्यांची नोंद ठेवायची, जाळ्यांच्या सुताचे, होडीवर बसवायच्या इंजिनांचे अर्ज पुढे पाठवायचे, असं त्या कचेरीचं काम. भाड्याचं कौलारू घर, पुढे पडवी, आत दोन खोल्या. कितीही झाडलं तरी फरशीवर वाळू करकरायची. मी मावशीकडे राहायची आणि तिथून चालत यायची. कचेरीत बाई म्हणून मी एकटीच.

मी रुजू झाले तेव्हा टाइपरायटर आलेलाच नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर आला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि रेवसहून एस.टी.च्या टपावर बसून. लाकडी खोका उघडला, भुस्सा बाजूला केला आणि काळंभोर, तेलाने चकाकणारं ते यंत्र टेबलावर ठेवलं. आमचे सबनीस साहेब टाचा उंचावून बघत होते. मी कागद अडकवला आणि काय लिहावं ते न सुचून 'श्री' उमटवला. साहेबांनी चक्क टाळी वाजवली.

त्या खोलीत टाळी न वाजवणारा एकच माणूस होता. गणपतराव म्हात्रे.

गणपतराव कचेरीतले लिहिणारे कारकून. खारेपाटातले, पोयनाडच्या पलीकडचे. वडील मिठागरात राबलेले. घराण्यात हातात टाक धरणारे हे पहिलेच. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण अक्षर असं नाजूक की बघत राहावं. कचेरीतून जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं असे. किनाऱ्यावरच्या ज्या माणसांना वाचता येत नव्हतं, तीसुद्धा कागद हातात आला की म्हणायची, "ह्यो म्हात्र्याच्या हातचा हाय." त्यांची जागा हंगामी होती. दरवर्षी मंजुरी यायची आणि दरवर्षी ती येईपर्यंत ते जरा गप्प असायचे.

यंत्र आल्यावर थोड्याच दिवसांत मुंबईहून कागद आला. आपल्या कचेरीस टंकलेखन यंत्र पुरवण्यात आलं आहे, त्यामुळे लिखाणाचं काम कमी झालं असल्यास कारकुनाची एक जागा कमी करता येईल काय, हे पाहण्यासाठी दसऱ्यानंतर अधिकारी येतील. साहेबांनी तो कागद आम्हा दोघांना समोर उभं करून वाचून दाखवला. मला वाटतं त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. वाचून झाल्यावर ते चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत आले तर माझं टेबल हललेलं. खिडकीजवळची जागा गणपतरावांची होती. तिथे चांगला उजेड यायचा. त्यांनी आपलं टेबल भिंतीकडे सरकवलं होतं आणि माझं यंत्र उचलून खिडकीपाशी ठेवलं होतं.

"अहो, हे कशाला?" मी म्हटलं.

"तुमाला उजेड लागंल बाई," ते म्हणाले. "अक्षरं बारीक हायती त्याची."

एवढंच बोलले. त्यांनी राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं. मी खिडकीत बसून खडखडाट करायची आणि ते भिंतीकडे तोंड करून जुने कागद लावत राहायचे. प्रत्येक ओळ संपली की यंत्राची घंटी वाजायची. ती वाजली की त्यांची मान किंचित हलायची. हळूच टाइप करावं तर तेही जमेना. शिकलेली बोटं, ती आपल्या वेगानेच पळतात. घरी आले की मावशी विचारायची, "काय गं, नोकरी सोसत नाही का?" मी म्हणायची, "सोसते की." मला त्या पगाराची गरज होती, पाठचा भाऊ शिकत होता. आणि गणपतरावांच्या घरी तर खाणारी तोंडं किती तरी.

पण त्याच दिवसांत कचेरीत दुसरंच काही घडत होतं, आणि ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

पूर्वी साहेब पत्राचा मजकूर सांगण्याआधी बराच वेळ पडवीत फेऱ्या मारायचे. कारण गणपतरावांनी एकदा सुंदर अक्षरात लिहिलेलं पान पुन्हा लिहा म्हणायला त्यांना जड जायचं. म्हणून आधी विचार करायचे, मग सांगायचे, मग पत्र जायचं. आता फेऱ्या थांबल्या. मनात आलं ते सांगायचे, मी टाइप करून द्यायची, ते वाचायचे आणि म्हणायचे, "हे वाक्य जरा वर घ्या. मशीन आहेच." मी पुन्हा टाइप करायची. "'विनंती' नको, 'सूचना' करा. मशीन आहेच." पुन्हा. संध्याकाळपर्यंत त्याच पत्राचे खर्डे टाचणीला लटकत राहायचे आणि पत्र तिथेच.

त्यात कार्बनचा कागद आला. पूर्वी एक पत्र आणि कचेरीत ठेवायची एक स्थळप्रत. आता एका दमात कितीतरी प्रती निघतात म्हटल्यावर साहेबांना माहितीसाठी कळवायला नवनव्या कचेऱ्या आठवू लागल्या. ज्यांना कळवलं, तेही काही स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांच्याकडून उलट पत्रं येऊ लागली. 'आपल्या पत्राचा आशय समजला नाही, खुलासा व्हावा.' टपालाची पिशवी फुगली. ते सगळं आवक-जावकाच्या वहीत नोंदवायचं काम गणपतरावांचं. शिवाय काही जोडाक्षरं यंत्रावर नीट उमटत नसत. मी तेवढी जागा मोकळी सोडायची आणि ते शाईने ती भरायचे. दिवेलागण व्हायला आली तरी आम्ही दोघं मान खाली घालून बसलेले. यंत्र नव्हतं तेव्हा ही कचेरी ऊन कलताच बंद व्हायची, असं गणपतरावच एकदा म्हणाले. म्हणाले आणि हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

याच सुमारास थळहून जनाबाई यायला लागली. चाळिशीतली कोळीण, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात शेवंती. नवऱ्याच्या होडीला इंजिन मिळावं म्हणून तिने अर्ज केला होता. नवरा दर्यावर, म्हणून खेपा हिच्या. शिफारशीचं पत्र आमच्याकडून जायचं होतं आणि ते खर्ड्यांत अडकलं होतं. ती पडवीत पाय सोडून बसायची, टोपली शेजारी ठेवायची आणि माझ्या यंत्राकडे टक लावून बघायची.

एकदा ती म्हणाली, "काय गो पोरी, तुजा यंत्र आयला म्हनून कागुद लवकर जाईल, आसा सायब बोललेला ना?"

मी म्हटलं, "जाईल हो. आज पुन्हा करून दिलंय."

"माजे दीराच्या होरीला इंजान बसवला," ती म्हणाली. "मी जावेला बोलली, आता तुजा दादला घरा लवकर येल. तं ती बोलली, कुठला लवकर! पयला शिडावर जवळ जात होता, आता लांब जातो. जेवरा जाता येते तेवरा जातो. घरा यायची येळ तीच."

"मग तुम्हाला कशाला हवंय इंजिन?"

"हवा तं हायच!" ती माझ्यावर खेकसलीच. "वारा पडला की शीड काय करंल? मानूस दर्यात लटकून बसतो आनि आमी किनाऱ्यावर जीव मुठीत धरून. इंजान हवाच. मी फक्त बोलते, लवकर येल आसा कुनी सांगू नये."

त्या वेळी मी हसून सोडून दिलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ते आठवत राहिलं. यंत्र वेळ वाचवतं, पण तो वाचलेला वेळ आपल्या हाती येत नाही. तो मध्येच कोणीतरी मागून घेतं. कधी साहेब, कधी दर्या, आणि कधी आपली आपल्यालाच लागलेली हाव. पुढे नोकरीभर मी हे पाहिलं. विजेवरचे टाइपरायटर आले, मग संगणक आले, काचेच्या खोलीत चपला काढून जायचे दिवस आले. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की आता कागद कमी होतील. प्रत्येक वेळी कपाटं वाढली. तरी मी यंत्रांना वाईट म्हणणार नाही. माझ्यासारख्या पालीच्या मुलीला कचेरीचं दार उघडलं ते त्या काळ्या यंत्रानेच.

दसरा झाला. आपट्याची पानं कचेरीतल्या देवाच्या तसबिरीपुढे सुकून गेली आणि एका सकाळी मुंबईचे अधिकारी आले. उंच, किडकिडीत, शांत माणूस. पायांतल्या बुटांत वाळू गेली होती म्हणून पडवीत बसून त्यांनी आधी ती झटकली. तिथेच त्यांना जनाबाई दिसली. त्यांनी तिला काही विचारलं, तिने हात नाचवून काही सांगितलं. आत मला ऐकू आलं नाही.

दुपारभर त्यांनी कागद पाहिले. मग आम्हा तिघांना समोर बोलावलं. मला विचारलं, "यंत्र आल्यापासून काम लवकर होतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी दिवस घोकत होते आणि एकही उत्तर सोयीचं नव्हतं. लवकर होतं म्हणावं, तर गणपतराव घरी बसणार. होत नाही म्हणावं, तर यंत्र परत जाणार, आणि यंत्राबरोबर मी. सबनीस साहेब माझ्याकडे बघत होते. गणपतराव भिंतीकडे.

माझ्या तोंडून निघालं, "पत्र लवकर होतं, साहेब. काम लवकर होत नाही."

"म्हणजे काय?"

आता मागे फिरता येणार नव्हतं. मी टाचणीतले खर्डे काढून त्यांच्यापुढे ठेवले. जनाबाईच्या शिफारशीचे. "प्रत्येक पत्र लवकर झालंय," मी म्हटलं, "पण यातलं एकही गेलेलं नाही." सबनीस साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही ते सगळे कागद एका जागी बघून धक्काच बसला असावा.

अधिकाऱ्यांनी गणपतरावांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? हे यंत्र नसतं तर तुमच्याकडून काम चाललं असतं?"

मला वाटलं, आता हे हो म्हणणार. त्यांनी म्हणायलाच हवं होतं. त्यांच्या जागी मी म्हटलं असतं.

गणपतराव म्हणाले, "यंत्र नेऊ नका साहेब. इतकी वर्षं मी तोच तो मजकूर लिहितोय. हिवाळ्यात बोटं आखडतात, टाक धरवत न्हाय. बाईंचं काम चोख आहे. फक्त..." ते थांबले. "फक्त लिहायच्या आधी जसा विचार व्हायचा, तसा झाला तर बरं."

पडवीतून जनाबाईचा खोकला ऐकू आला. अधिकाऱ्यांनी खर्डे चाळले, सगळ्यात खालचा, म्हणजे पहिला, ओढून काढला आणि साहेबांपुढे सरकवला. "यात काय वाईट आहे?" साहेबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. आणि खिशातून पेन काढून सही केली. जनाबाई तो कागद जाताना बघायला टपालाच्या पिशवीपर्यंत आली. पिशवीचं तोंड बांधेपर्यंत हलली नाही.

अधिकारी संध्याकाळी गेले. आमच्याबद्दल एक शब्द न बोलता.

मग वाट पाहणं आलं. दिवाळी आली. मी पालीला गेले आणि वडिलांना काही सांगितलं नाही. परत आले तर शेतं पिवळी झाली होती, सकाळी गवतावर दव पडायला लागलं होतं. आता साहेब पुन्हा पडवीत फेऱ्या मारायचे. मजकूर सांगण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचे आणि "थांबा जरा," म्हणायचे. आम्ही घरी वेळेवर जाऊ लागलो होतो. पण गणपतराव अजून गप्प होते, आणि मी टपालवाला दिसला की ताठ व्हायची.

कागद आला तो अगदी साधा होता. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि खुर्चीत बसून पुन्हा वाचला. आवक टपाल फार वाढल्याचं तपासणीत दिसून आलं. सबब कारकुनाची जागा कमी करता येत नाही. उलट ती कायम करावी अशी शिफारस आहे. टंकलेखन यंत्र आणि टंकलेखिका आहेत तशीच राहतील. बस्स, इतकंच.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हसू फुटलं. माझं धाडस, गणपतरावांचा मोठेपणा, यातलं काही त्या कागदात नव्हतं. आम्हाला वाचवलं होतं ते त्या यंत्राने निष्कारण वाढवून ठेवलेल्या टपालाने. साहेबही हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "म्हणजे माझ्या चुकीमुळेच तुम्ही राहिलात की हो म्हात्रे!"

गणपतराव हसले नाहीत. त्यांनी टेबलाला हात टेकला, खाली बसले आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. मग म्हणाले, "साहेब, उद्या रजा पाहिजे. भात कापायचं राहिलंय. मनच लागत नव्हतं." आणि माझ्याकडे वळून, "बाई, रविवारी या आमच्याकडे. नव्या तांदळाची भाकरी खायला."

रविवारी मी एस.टी.ने पोयनाडला उतरले आणि विचारत विचारत गेले. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताचा वास येत होता. खळ्यावर माणसं वाकून कामाला लागली होती. गणपतराव गुडघ्यापर्यंत धोतर खोचून भारे रचत होते. कचेरीत कधी दिसले नव्हते इतके मोठे दिसत होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "या बाई, या!"

त्यांची बायको चुलीपाशी होती. तिने पीठ लागलेल्या हाताने डोळ्यांवर आडोसा धरून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ही व्हय ती यंत्रवाली?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हीच," गणपतराव म्हणाले.

या बाईने आश्विनभर माझ्या नावाने काय काय सोसलं असेल, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती पुढे आली, माझं मनगट धरलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"आगं बाय माजे!" ती म्हणाली. "मना वाटला, कुनी राक्षशीन आसंल. ही तं येवरीशी पोर हाय!"

आणि ती हसली. खळ्यावरची माणसं हसली. गणपतराव तर भारा खाली टाकून हसले. तिने मला हाताला धरून चुलीशेजारी बसवलं, केळीच्या पानावर वाफाळती भाकरी टाकली, सुकटीची चटणी वाढली आणि पुढ्यात बसून म्हणाली, "खा. लाजू नको."

पहिला घास मी खाल्ला आणि मला कळलं की गेले कित्येक दिवस मी नीट जेवलेच नव्हते. मी मान खाली घालून पानावरची भाकरी संपवली. मग तिच्याकडे बघून, न लाजता, दुसरी मागून घेतली.